गाडीत कायम ठेवायची टॉर्च: विदर्भाच्या उन्हात कोणते सेल टिकतात?

वणीकर | ९ एप्रिल, २१:३५

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे जाणकार आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्सवालेही आहेत, म्हणून विचारतो.

माझी गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. वणीजवळ खाणीच्या बाजूला नोकरी. पार्किंगला पत्र्याचं छप्परसुद्धा नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर. अधूनमधून चंद्रपूर किंवा नागपूरहून रात्री परतावं लागतं. रस्त्यात टायर बसला, बॉनेट उघडावं लागलं, तर हाताशी उजेड हवा. गरज एवढीच. ट्रेकिंग, कॅम्पिंग वगैरे काही नाही.

ग्लोव्ह बॉक्समध्ये पेन्सिल सेलवाली एक टॉर्च होती. पावसाळ्यात काढली तर आत पांढरी भुकटी, स्प्रिंग गंजून तुटलेली. डिकीत दुसरी होती, भिंतीला लावून चार्ज करायची, दोन पिनांची. तिच्यात जीवच उरलेला नाही, चार्जिंगला लावली की फक्त लाल दिवा लागतो.

बजेट दोन हजारांपर्यंत. अट एकच: वर्षभर हात लावला नाही तरी बटण दाबल्यावर पेटली पाहिजे. बायकोही गाडी चालवते, त्यामुळे ‘तीनदा दाबा, मग धरून ठेवा’ असली भानगड नको. चार्जिंगची घ्यावी की सेलची? सेलची घेतली तर सेल कुठले?

खवय्या_७२ | ९ एप्रिल, २१:५२

मोबाईलला टॉर्च असतो की हो. दोन हजार कशाला घालवता? त्यात नागपूरला चांगलं सावजी होतं दोघांचं.

धनश्री_ना | ९ एप्रिल, २२:१०

@खवय्या_७२, सावजी तुम्हीच खा. रात्री गाडी बंद पडली की मोबाईल फोन लावायला लागतो, लोकेशन पाठवायला लागतो. तो तोंडात धरून नट सोडवत बसलात आणि बॅटरी पाच टक्क्यांवर आली, की ११२ किंवा महामार्ग मदतीचा १०३३ कशावरून लावणार? शिवाय फोन स्वतःच उन्हाला भितो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराची मर्यादा ३५ अंश आणि नुसता ठेवण्याची ४५ अंश सांगते. फोन फार तापला की फ्लॅश आपोआप बंद होतो. तापलेल्या गाडीत पडून राहिलेला फोन नेमका तेव्हाच रुसायचा.

फिनिक्सकर | १० एप्रिल, ०५:१५

मी ॲरिझोनात राहतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दर उन्हाळ्यात चर्चेला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर होता. आकडे आधी बघू, टॉर्चचं नंतर.

इथल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केलं होतं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. बाहेर ३८ च्या वर तापमान असलेल्या दिवशी एक तास उन्हात उभ्या गाडीत हवा सरासरी ४७, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंश. सावलीतल्या गाडीत तोच डॅशबोर्ड ४८.

म्हणजे एकाच गाडीत, एकाच वेळी, २० अंशांहून जास्त फरक. ‘गाडीत ठेवलेली टॉर्च’ म्हणताना ती गाडीत कुठे ठेवली हे आधी सांगायला पाहिजे. काचेतून ऊन थेट पडतं तिथे नरक. सीटखाली बरं. डिकीत झाकणाखाली, जमिनीलगत आणखी बरं. ग्लोव्ह बॉक्स डॅशबोर्डच्याच पोटात असल्यामुळे तापतो.

काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फरक पडतो अशी समजूत आहे. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तेही तपासलं (गाडीत विसरलेल्या लहान मुलांच्या संदर्भात). फरक नगण्य होता. तापमानातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असंही त्यांना दिसलं. त्यामुळे ‘पाच मिनिटं उभी केली होती’ वगैरेला अर्थ नाही.

विद्युतजीव | १० एप्रिल, ११:४०

फिनिक्सकरांनी पाया घातलाच आहे, मी सेलांवर बोलतो. प्रतिसाद लांबणार, क्षमस्व.

एक ढोबळ नियम डोक्यात ठेवा: तापमान दहा अंशांनी वाढलं की सेलच्या आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. पडून राहिल्याने जे काही बिघडायचं ते ३० अंशांच्या तुलनेत ५० ला चौपट वेगाने. सेलच्या पाकिटावर ‘१० वर्षं टिकतो’ असं छापलेलं असतं, ते २०-२१ अंशांच्या खोलीतलं. वणीला तशी खोली जानेवारीतच मिळेल.

साधे लाल-निळे सेल (झिंक कार्बन). रिमोटमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते. यांत जस्ताची डबी हाच सेलचा एक ध्रुव असतो. वापरात ती आतून खाल्ली जाते, पातळ होते आणि शेवटी भोक पडतं. स्वस्त आहेत, घड्याळाला उत्तम आहेत, गाडीत ठेवू नका.

अल्कलाइन. ताकद जास्त, पण आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. जस्त हळूहळू गंजत राहतं, हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो आणि सील सुटतं. बाहेर आलेला अल्कली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी भुकटी होते. वणीकर, तुमच्या टॉर्चमध्ये बहुधा हेच झालं. नामांकित कंपन्या वापराची कमाल मर्यादा ५४-५५ अंश देतात. उन्हाळ्यातला ग्लोव्ह बॉक्स ती सहज ओलांडतो. ‘महागडे घ्या, ते गळत नाहीत’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. सगळे गळतात, कुणी लवकर कुणी उशिरा.

चार्जिंगचे पेन्सिल सेल (निकेल मेटल हायड्राइड). गळण्याचं प्रमाण फार कमी. पूर्वी हे पडल्या पडल्या रिकामे व्हायचे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि ती अडचण बरीच गेली. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. २० अंशांत १० वर्षांनी ७० टक्के चार्ज राहतो असा त्यांचा दावा. पण पुन्हा तेच, २० अंशांत. आपल्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी काढून चार्ज करायची शिस्त असेल तर चालतील.

लिथियम आयन. ज्याला सगळे १८६५० म्हणतात तो जाडा सेल, किंवा टॉर्चच्या आत बंद केलेला. चार्ज करायचं तापमान ० ते ४५, वापरायचं ६० पर्यंत. गळत नाही, पण उन्हात म्हातारा होतो, आणि पूर्ण भरलेला असेल तर जास्तच. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक कोष्टक आहे: ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर ६५ टक्के क्षमता उरते, ४० टक्केच भरून ठेवला तर ८५. तापमान ६० असेल तर पूर्ण भरलेला सेल तीन महिन्यांत ६० टक्क्यांवर. आणि आणीबाणीची टॉर्च आपण पूर्ण भरूनच ठेवणार, नाही का?

लिथियमचे पेन्सिल सेल, चार्ज न होणारे (लिथियम आयर्न डायसल्फाइड). हे नीट समजून घ्या, नावामुळे वरच्याशी गल्लत होते. आकार अगदी पेन्सिल सेलचा, दीड व्होल्टचा, वजनाला हलका: अल्कलाइन २३ ग्रॅम, हा १५. उणे ४० ते ६० अंश ही मर्यादा. आत पाणी नाही, त्यामुळे अल्कलाइनसारखा वायू होऊन गळत नाही. कपाटात वीस वर्षं टिकतो. महाग आहे, एका सेलच्या पैशांत अल्कलाइनचं अख्खं पाकीट येतं. तुमच्या ‘वर्षभर हात लावणार नाही’ या अटीला हाच एक नीट बसतो.

कॅमेऱ्यात वापरायचे तो सीआर१२३ए हा तीन व्होल्टचा आखूड सेलही उष्णतेला असाच खमका आहे, पण वणीत रात्री कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून माझं मत: पेन्सिल सेलवर चालणारी साधी टॉर्च, आत लिथियमचे सेल, ठेवायची डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. एक इशारा. सेल कितीही चांगला असला तरी ६० ही मर्यादा आहेच, म्हणजे ६९ च्या डॅशबोर्डवर हाही ठेवायचा नाही.

अभ्यासू_मांजर | १० एप्रिल, १२:०५

वाचनखूण साठवली. @विद्युतजीव, दंडवत.

दोन पिनांच्या चार्जिंगच्या टॉर्चबद्दल राहिलं बघा.

विद्युतजीव | १० एप्रिल, १२:३०

हो, राहिलं. स्वस्त असेल तर आत बहुतेक वेळा चार व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पिल्लू. ती रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं आणि मग चार्ज घेतच नाही. उन्हात आपोआप रिकामी होणंही वेगाने होतं. लोडशेडिंगच्या घरात, रोज प्लगला लावलेली असते तिथे ती शोभते.

बाळूभाऊ_गॅरेज | १० एप्रिल, २२:४८

भाऊ, मी अकोल्याले गॅरेज चालवतो, लिथियम-बिथियम मले नाही समजत. पण गाड्या उघडून पायतो त रोज. उन्हाळ्यात डिक्कीतून काय काय निंगते सांगू? फुगलेले पॉवर बँक, फुटलेले परफ्यूमचे डबे, वितळलेल्या गोळ्या-बिस्किटं. टॉर्च त बहुतेकाच्या मेलेल्याच रायतात.

माह्या हिशोबानं सगळ्यात पक्की चीज म्हणजे गाडीच्या बारा व्होल्टच्या लाइनवरचा हँडलॅम्प. लायटरच्या सॉकेटात घालाचा नायी त चिमटे बॅटरीले लावाचे, लांब वायर, मागं चुंबक. त्याच्यात सेलच नायी त गळन काय अन् फुगन काय? चाक बदलाले, बॉनेटखाली पायाले याच्याहून चांगलं काही नायी. दोन-तीनशे रुपयात येते. ट्रकवाल्यायले विचारा, सगळ्याइकडं हेच असते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, गाडीचीच बॅटरी उतरली असन त मंग हा लॅम्पबी बंद. अन् उन्हाळ्यात बॅटऱ्या लय मरतात, लोकायले वाटते थंडीतच मरतात म्हणून.

विद्युतजीव | १० एप्रिल, २३:०५

बाळूभाऊ, एक नंबर. सेल नसलेला दिवा गळत नाही, याच्यापुढे आमची सगळी रसायनं फिकी. वणीकर, हा घ्याच. पण सोबत स्वतंत्र टॉर्च लागेल, कारण ‘गाडी सुरूच होत नाही’ हीच निम्म्या वेळची आणीबाणी.

ल्युमेनराव | ११ एप्रिल, ०९:२०

असहमत. मंडळी उगाच घाबरवताय. माझ्या गाडीत २१७०० सेलची टाइप-सी चार्जिंगची टॉर्च कित्येक वर्षं पडून आहे. ४००० ल्युमेनचा उजेड. एकदम टकाटक. अर्धा किलोमीटर उजेड जातो. लिथियम आयनमध्ये जे आहे ते पेन्सिल सेलमध्ये नाही. २०२० च्या दशकात पेन्सिल सेलची शिफारस म्हणजे कहर आहे.

फिनिक्सकर | ११ एप्रिल, ०९:५८

@ल्युमेनराव, गाडी कुठे उभी असते?

ल्युमेनराव | ११ एप्रिल, १०:०२

पुण्यात. सोसायटीच्या बेसमेंटला आणि ऑफिसच्या बेसमेंटला. का?

फिनिक्सकर | ११ एप्रिल, १०:०६

काही नाही, सहजच.

धनश्री_ना | ११ एप्रिल, १०:१५

:))

विद्युतजीव | ११ एप्रिल, ११:३०

ल्युमेनरावांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. उजेडाच्या ताकदीत लिथियम आयनला तोड नाही, आणि चांगल्या कंपनीचा सेल असेल तर डिकीत ठेवल्याने स्फोट होतो असंही नाही. उन्हाळ्यात तो म्हातारा होतो, एवढंच. तुम्ही ती टॉर्च रोज घरी नेऊन, प्रवासाला निघताना सोबत घेत असाल तर उत्तम. ती गाडीची नाही, तुमच्या बॅगेची टॉर्च झाली. माझ्याकडेही आहे.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला बनावट सेलचा. ऑनलाइन ‘९९०० एमएएच’ छापलेले १८६५० सेल मिळतात. या आकारात नावाजलेल्या कंपन्यांचे सेल साडेतीन हजाराच्या आसपास थांबतात. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या वर असतं, बनावट बरेच हलके निघतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. त्यांच्यात सुरक्षेचं काय घातलंय देव जाणे, आणि असला सेल बंद गाडीत ठेवायची माझी तरी छाती नाही.

दुसरा, १४५०० नावाचा सेल. हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा, पण ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये गेला तर दिवा जळतो. गाडीतल्या डबीत हे दोन्ही एकत्र ठेवू नका, रात्री घाईत आकार सारखाच लागतो हाताला.

आणि ४००० ल्युमेनबद्दल. खोक्यावरचा आकडा, कंपनी एएनएसआय एफएल१ हे मानक पाळत असेल तर, टॉर्च लावल्यावर अर्धा ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजलेला असतो. आणि ‘इतके तास चालते’ हा आकडा उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. मधल्या काळात काय झालं ते खोक्यावर नसतं. बारकी टॉर्च काही मिनिटांत तापते आणि स्वतःहून उजेड उतरवते. आधीच ५० अंशांवर असलेल्या गाडीतून काढली तर आणखी लवकर.

सह्याद्रीवेडी | ११ एप्रिल, १४:१०

ल्युमेनचं थोडं प्रत्यक्षातलं. चाक बदलायला १०० ल्युमेन भरपूर होतात. त्याहून प्रखर उजेड जवळून चकचकीत व्हील कॅपवर पडला की डोळेच दिपतात. खरी अडचण वेगळीच असते: एका हातात पान्हा, दुसऱ्या हाताने जॅक, मग टॉर्च कोण धरणार? म्हणून डोक्याला बांधायचा हेडलॅम्पच घ्या. ट्रेकवाल्यांकडे असतो तो. पेन्सिल सेलवर चालणारे, हजाराच्या आत-बाहेर चांगले मिळतात. तीन छोट्या पेन्सिल सेलचे जास्त दिसतील, पण शक्य तर एका किंवा दोन मोठ्या पेन्सिल सेलचा बघा. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स४ तरी असू द्या, म्हणजे शिंतोडे चालतात.

बटणाकडे लक्ष द्या. इलेक्ट्रॉनिक बटण, हलकं दाबलं की लागणारं, हे बंद असतानाही किंचित वीज खात राहतं. वर्षभर पडून राहायची असेल तर ‘टक’ आवाज करणारं यांत्रिक बटण बरं.

धनश्री_ना | ११ एप्रिल, १५:०२

सह्याद्रीवेडीला +१. मी समृद्धीवरून एकटी ये-जा करते, त्यामुळे दोन शब्द जास्त.

टॉर्च बघण्यासाठी असते तशी दिसण्यासाठीही. १२० च्या वेगाने मागून येणाऱ्याला थांबलेली गाडी कळतच नाही. आधी चारी इंडिकेटर. मग कंपनीने गाडीबरोबर दिलेला लाल त्रिकोण (बऱ्याच जणांनी तो प्लास्टिकमधून काढलेलाही नसतो) चांगला लांब मागे ठेवायचा. तो ठेवायला चालत जाताना टॉर्च हातात, तोंड येणाऱ्या वाहनांकडे, झोत जमिनीवर. ड्रायव्हरच्या डोळ्यांत मारायचा नाही, तो दिपून नेमका तुमच्यावरच यायचा. आणि काम नसेल तेव्हा गाडीत किंवा गाडीमागे थांबायचं नाही, कठड्यापलीकडे जायचं.

लुकलुकणारा लाल किंवा पिवळा दिवा असलेली टॉर्च मिळाली तर छतावर चुंबकाने चिकटवता येते. हल्ली ॲल्युमिनियमचं किंवा काचेचं छत असेल तर चुंबक बसत नाही, हे आधी घरी करून बघा.

अण्णा_जुनेजाणते | ११ एप्रिल, १९:२५

आमच्या वेळी जीपची तीन सेलची स्टीलची टॉर्च असायची. तीत शेवटचा सेल उलटा घालून ठेवायचा. चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत, आणि वेळ आली की सरळ करायचा. वर्षानुवर्षं चालली. साधा उपाय आहे, मुलांनो.

विद्युतजीव | ११ एप्रिल, २०:१०

अण्णा, आदर ठेवून एक दुरुस्ती. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक उलटा घातला तर दोघांचे व्होल्ट एकमेकांना खोडतात आणि प्रवाह जवळपास वाहत नाही. तीन सेलच्या टॉर्चमध्ये मात्र दोन सरळ सेल त्या उलट्याला ढकलतात. बटण दाबलं गेलं तर तो चार्ज व्हायला लागतो, आणि चार्ज न होणारा सेल चार्ज केला की तो गळतो. जुना पिवळा बल्ब असेल तर प्रवाह जास्त, मग लवकर.

त्यापेक्षा सेल आणि झाकण यांच्यामध्ये कागदाची, नाहीतर जाड प्लास्टिकची पट्टी घाला. किंवा मागचं झाकण पाव आटा सैल करा, बऱ्याच ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये तेवढ्याने संपर्क तुटतो.

अण्णा_जुनेजाणते | ११ एप्रिल, २०:३१

बरोबर. आमची बहुधा दोन सेलचीच होती. तीन सेलची पाटलांकडे होती.

कुवेतस्थित_मालवणी | १२ एप्रिल, ००:५०

आमच्याकडच्या मित्रिबाहमध्ये २०१६ च्या जुलैत ५३.९ नोंदलं गेलं, त्यामुळे या धाग्यावर आमचाही हक्क आहे.

इथली एक पद्धत सांगतो. टॉर्च आणि सेल टॉवेलच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात किंवा जुन्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, आणि तो डबा डिकीत तळाला. लोक विचारतात, आत थंड थोडंच राहणार, शेवटी तापणारच ना? तापेल, पण दुपारी तीनला जे शिखर असतं ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. डब्यातलं तापमान दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ फिरत राहतं. विद्युतजीव म्हणाले तसं दहा अंशांना दुप्पट असेल तर दुपारचे दोन-तीन तास दिवसातल्या नुकसानात मोठी भर घालतात. तेवढं शिखर कापलं की झालं.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘टॉर्च’ लिहा. नाहीतर कुणीतरी मासे आणायला घेऊन जातं. (अनुभव नाही, पण घरातली माणसं ओळखतो.)

सह्याद्रीवेडी | १२ एप्रिल, ०८:४०

डबा स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवणार असाल तर सामानाखाली दबेल. रात्री, पावसात, आधी चार बॅगा रस्त्यावर काढायच्या आणि मग टॉर्च? तिथे ठेवायचा असेल तर किल्लीला एक बोटभर लांबीचा दिवा लटकवा, नाण्याएवढ्या सेलचा. डिकी उपसण्यापुरता उजेड पुरतो, आणि किल्ली तुमच्या खिशात असते, उन्हात नाही.

वणीकर | १४ एप्रिल, २१:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

बाळूभाऊंचा बाराच्या लाइनवरचा हँडलॅम्प इथल्याच ॲक्सेसरीच्या दुकानातून घेतला. दोन पेन्सिल सेलचा हेडलॅम्प मागवलाय, टक वाजणाऱ्या बटणाचा, आणि लिथियमच्या चार सेलचं पाकीट. दोन आत, दोन डबीत. बजेटच्या आतच बसलं. मोठी झोतवाली टॉर्च सध्या नको, आणि ल्युमेनराव, रागावू नका.

डिकीत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवून पाहिला. एप्रिलमध्येच डॅशबोर्ड आणि डिकीचा तळ यांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. तळाचा आकडा अजून तरी ६० च्या बराच खाली आहे. मेमध्ये पुन्हा बघेन.

दोन शंका. हेडलॅम्पच्या माहितीपत्रकात ‘लिथियम सेल वापरू नका’ असं काही लिहिलेलं असतं का? आणि जुन्या टॉर्चमधली ती भुकटी साफ करून ती टॉर्च घरात वापरता येईल का?

विद्युतजीव | १४ एप्रिल, २२:००

पहिली शंका रास्त आहे. हा सेल दीड व्होल्टचा म्हणवतो, पण नवा, भार नसताना मोजला तर १.८ च्या जवळ दाखवतो. तीन सेल एकापुढे एक असले तर ५.४ व्होल्ट, आणि काही साध्या हेडलॅम्पचं सर्किट ते सोसत नाही. म्हणून काही कंपन्या खरंच मनाई करतात. दोन सेलच्या दिव्यात हा प्रश्न सहसा कमी, तरी माहितीपत्रक बघाच. मनाई असेल तर तो घरी वापरा आणि गाडीसाठी दुसरा घ्या.

दुसरी. अल्कलाइनची भुकटी असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसा. फसफसेल, घाबरू नका. मग पाण्याने ओलसर फडकं, मग पूर्ण सुकवायचं. झिंक कार्बनची गळती आम्लधर्मी असते, तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. पण तुमची स्प्रिंगच तुटली आहे म्हणालात, मग ती टॉर्च भंगारातच.

बाळूभाऊ_गॅरेज | १४ एप्रिल, २२:२०

स्प्रिंग मी बसवून देतो, घेऊन या. जुन्या पेनाची चालते.

खवय्या_७२ | १५ एप्रिल, १०:०५

बजेटमधून उरले किती? सावजीचं काय झालं?

वणीकर | १५ एप्रिल, १३:३०

@खवय्या_७२, सव्वातीनशे उरलेत. अकोल्याला बाळूभाऊंकडे जायचं पेट्रोल निघेल का बघतोय.

आणखी एक, विद्युतजीव: डबीतले जास्तीचे दोन सेल चांगले आहेत का, हे मल्टिमीटरने बघता येईल ना?

विद्युतजीव | १५ एप्रिल, १४:१५

नुसत्या मल्टिमीटरने नाही. या सेलचा व्होल्ट शेवटपर्यंत सपाट राहतो आणि संपताना एकदम खाली येतो, त्यामुळे अर्धा वापरलेला आणि जवळपास नवा यांत फारसा फरक दिसत नाही. दिवाही मंद होत होत विझणार नाही, एकदम जाईल, म्हणून जोडीचे दोन हाताशी लागतात. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना करू नका. डबीवर कागद चिकटवून घातल्याची तारीख लिहा, आणि दर दिवाळीला एकदा लावून बघा.